पगाराच्या पावतीवरचे दोनशे रुपये

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी भर घातली आहे.)



 समितीने आम्हाला विषय दिला होता 'धम्म आणि कामगार'. अध्यक्षांची परवानगी घेऊन त्यातलाच एक कोपरा आम्ही निवडला. आज आम्ही टॅक्सवर बोलणार आहोत. मागच्या रांगेतले दोघे-चौघे हसले ते दिसलं आम्हाला. टॅक्स म्हणजे शेठ लोकांची भानगड, आपला काय संबंध, असंच ना? आम्हालाही पुष्कळ वर्षं असंच वाटत होतं.

ही बघा, खिशात पगाराची पावती आहे. एका बाजूला मूळ पगार, महागाई भत्ता, हजेरीचे पैसे. दुसऱ्या बाजूला कपात. फंड, ई.एस.आय., सोसायटीचा हप्ता. आणि तळाला दोन अक्षरं, पी.टी., पुढं आकडा २००. फेब्रुवारीच्या पावतीवर तोच आकडा ३०० होतो. गिरणीत इतकी वर्षं काढली, पण ही पी.टी. म्हणजे काय, ती कुठं जाते, हे आम्ही कधी कुणाला विचारलं नाही. रिंगफ्रेम खात्यात तुटलेला धागा अंधारातसुद्धा सापडतो आम्हाला, पण स्वतःच्या पावतीवरचं अक्षर वाचलं नव्हतं.

ते वाचायची वेळ कशी आली, ते आधी सांगतो. त्यात आमची चूक आहे, ती लपवून पुढचं बोलता येणार नाही.

आमच्या ओळखीचा एक पोरगा दुसऱ्या एका कारखान्यात कामाला होता. साडेतीन वर्षं भरली आणि काम सुटलं. घरात आजारपण होतं, म्हणून त्यानं फंडाचे सगळे पैसे काढले. हिशेब ८६,००० रुपयांचा. खात्यावर जमा झाले ७७,४००. मधले ८,६०० कुठं गेले? सर्विस पाच वर्षांच्या आत असली आणि रक्कम ५०,००० च्या वर असली तर फंडातून दहा टक्के प्राप्तिकर आधीच कापून घेतात. माझं वर्षाचं उत्पन्न कराच्या खाली आहे, असा घोषणापत्राचा कागद आधी भरून दिला असता तर कापले नसते. तो कागद त्याला कुणी दिला नाही, आणि असा कागद असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तो आमच्याकडं आला. आम्ही युनियनची कामं केलेले, चार पुस्तकं वाचलेले, म्हणून आला. आणि आम्ही त्याला सांगितलं, "बाळा, सरकारच्या तिजोरीत गेलेला पैसा माघारी येत नसतो. विसर आता."

हे आमचंच वाक्य. ते चुकीचं होतं. पैसा माघारी येतो. विवरणपत्र भरून मागितला तर येतो, आणि त्याला मुदत असते. आम्हाला हे कळलं तेव्हा डिसेंबरची ३१ तारीख उलटून गेली होती. उशीर माफ करावा म्हणून वेगळा अर्ज करता येतो, तो आता केला आहे. उत्तर यायचं आहे. ८,६०० रुपये म्हणजे त्या घरातला दोन महिन्यांचा किराणा. आमच्या एका वाक्यापायी तो अडकून बसला.

त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागं लागलो.

आधी एक गैरसमज काढू. "गरीब माणूस टॅक्स भरत नाही" हे टीव्हीवरचे विद्वान सांगतात आणि आपणही मान डोलावतो. प्राप्तिकर भरत नाही, हे खरं. पण अंगाचा साबण, दातांची पेस्ट, डोक्याचं तेल या वस्तूंवर सप्टेंबर २०२५ पर्यंत शंभराला अठरा रुपये जी.एस.टी. होता, २२ तारखेपासून तो पाचावर आला. बंगल्यातल्या बाईनं साबण घेतला काय आणि तिच्याकडं भांडी घासणाऱ्या मावशीनं घेतला काय, कर तेवढाच. आणि पावतीवरची पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार महिना १०,००० च्या वर गेला की वर्षाला २,५०० रुपये. ११,००० वाल्याचे २,५०० आणि लाख रुपये पगाराच्या साहेबाचेही २,५००. घटनेनंच वरची मर्यादा तेवढी ठेवली आहे, त्यामुळं साहेबाकडून जास्त घेता येत नाही. आता तुम्हीच हिशेब करा, कुणाच्या ताटातला घास मोठा गेला.

हे गणित बाबासाहेबांनी फार पूर्वी मांडलं होतं. १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांचं भाषण झालं. कौन्सिलात ते नवीनच होते. शेतसाऱ्यावर ते बोलले. त्यांचा मुद्दा असा की प्राप्तिकरात ठराविक उत्पन्नाच्या खालच्या माणसाला सूट आहे, पण शेतसारा एक एकरवाल्यालाही त्याच दरानं आणि मोठ्या जमीनदारालाही त्याच दरानं. पीक येवो न येवो, सारा द्यायचाच. ज्याची ऐपत त्यानं द्यावं, हे तत्त्व त्यात कुठं बसतं? आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणतो, बरोबरच आहे. पण त्यांची पहिली विद्या अर्थशास्त्राची, त्यातही सरकारी पैशाची. १९२५ साली त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ निघाला, त्याला प्रस्तावना आहे त्यांचे कोलंबिया विद्यापीठातले गुरू प्रा. सेलिग्मन यांची. हे सेलिग्मन म्हणजे करशास्त्रातले त्या काळातले मोठे नाव. श्रीमंतावर चढत्या दरानं कर बसवावा या बाजूनं त्यांनी लिहिलं. आणि योग बघा, अमेरिकेत प्राप्तिकराची घटनादुरुस्ती मंजूर झाली १९१३ साली, आणि बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेही १९१३ च्याच उन्हाळ्यात. करावर सगळीकडं वाद चालू असलेल्या देशात ते शिकले.

त्याच देशातली एक गोष्ट आता सांगतो. हा आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

आपल्या वस्तीतली एक मुलगी तिकडं पेनसिल्व्हेनिया राज्यात शिकायला गेली आहे. नाव सांगत नाही, तिला आवडत नाही. पोराच्या फंडाची हकिगत आम्ही तिला फोनवर सांगितली, तर ती म्हणाली, "काका, इथं मी शनिवारी हेच काम करते." तिथं सार्वजनिक वाचनालयात टेबलं मांडून गरीब कामगारांची विवरणपत्रं फुकट भरून देतात. शिकलेली माणसं आधी परीक्षा देतात, मग टेबलावर बसतात. तिच्यासमोर एक बाई आली. हॉटेलात खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या. दोन मुलं, नवरा नाही. २०२४ सालची वर्षाची कमाई १७,००० डॉलर. आपल्या रुपयात आकडा मोठा दिसेल, पण तिथलं घरभाडं भरताना तो पुरत नाही. या बाईला प्राप्तिकर किती? शून्य. आपल्यासारखीच. तरीपण तिच्या मजुरीतून पेन्शन आणि म्हातारपणच्या दवाखान्याच्या नावानं शेकडा ७.६५ कापलेले होते, पहिल्या डॉलरपासून. म्हणजे सुमारे १,३०० डॉलर.

मुलीनं अर्ज भरला आणि बाईला सांगितलं, सरकार तुम्हाला ६,८०० डॉलर देणार. मुलांसाठीची आणखी एक रक्कम निराळी.

आम्ही तिला तीनदा विचारलं. कर शून्य, तर परत काय येणार? तिनं समजावलं. याला 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट' म्हणतात. क्रेडिट म्हणजे जमा. वाण्याच्या वहीत एका बाजूला नावे आणि एका बाजूला जमा असतं, तसं सरकारच्या वहीत कष्टकऱ्याच्या नावावर एक रक्कम जमा धरतात. आधी ती त्याच्या करातून वजा होते. कर संपला आणि जमा उरली, तर उरलेली रोख त्याच्या हातात. कष्टाची कमाई असेल तरच मिळते. दोन मुलांच्या घराला त्या वर्षी कमावलेल्या शंभर डॉलरमागं ४० डॉलर, असं १७,४०० डॉलरच्या कमाईपर्यंत. जास्तीत जास्त ६,९६०. कमाई आणखी वाढत गेली की पुढं जमा हळूहळू उतरत जाते, एकदम तुटत नाही. मुलं नसलेल्या एकट्या कामगाराला मात्र फार तर ६३२. आमच्या मते ही त्यातली खोट आहे. एकट्या माणसाची कंबर काय दुखत नाही?

हा कायदा १९७५ चा. फोर्ड अध्यक्ष असताना झाला. सुरुवातीला जास्तीत जास्त ४०० डॉलर मिळायचे. १९७८ ला तो कायम केला, पुढं १९८६, १९९० आणि १९९३ साली वाढवला. आज दोन कोटींहून जास्त घरांना तो पैसा जातो.

१९७५! आम्ही हा आकडा ऐकला आणि पावती काढली. महाराष्ट्राचा व्यवसाय कराचा कायदाही १९७५ चाच. तिकडं कामगाराच्या हातात पैसे ठेवायला सुरुवात झाली त्याच साली इकडं कामगाराच्या पगारातून कापायला सुरुवात झाली. हे कळल्यावर आम्हाला आधी रागच आला. पण पुढं वाचलं तेव्हा राग निवळला, ते पण सांगितलं पाहिजे. हा कर कशासाठी बसवला? रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला बसली होती. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे जगात फार थोड्या ठिकाणी कायद्यानं मान्य झालेलं होतं. त्याला पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. म्हणजे आमच्या बापाच्या पगारातून कापलेले पैसे गावाकडं आमच्या चुलत्याला नालाबंडिंगच्या कामावर मिळत होते. चुलत्याला हे माहीत नव्हतं, बापालाही नव्हतं. दोघं दिवाळीला भेटायचे तेव्हा एकमेकांना सरकारच्या नावानं बोटं मोडायचे.

म्हणून आम्ही व्यवसाय करालाच शिव्या देत नाही. कर देणं अपमानाचं नाही. पण ११,००० वाला आणि लाखवाला एका पायरीवर, हे बाबासाहेबांनी १९२७ ला ज्याला विरोध केला तेच आहे.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेत सगळं छान, आपल्याकडं सगळं वाईट. तसं नाही. त्या मुलीनं आणि वाचनानं दुसरी बाजूही दाखवली.

हा कायदा दयेतून जन्मला नाही. निक्सन यांनी १९६९ मध्ये गरीब कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी द्यायची योजना मांडली होती. ती सिनेटमध्ये अडली. अडवणाऱ्यांत पुढं होते लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग. हमी नको, जो काम करील त्यालाच द्या, असा त्यांचा आग्रह. त्याला ते कामाचा बोनस म्हणत. त्यातूनच हे क्रेडिट आलं. म्हणजे गरीब माणूस मुळात कामचुकार, हा संशय त्याच्या पायात आहे. जिचं काम सुटलं, जी आजारी पडली, तिची कमाई शून्य, तर तिची जमाही शून्य. ज्या वर्षी पैशाची सगळ्यात जास्त गरज त्याच वर्षी हात रिकामा.

दुसरं, हक्क असूनही न घेणारे. तिथलं करखातं स्वतःच सांगतं की पात्र असलेल्या पाचांतला एक जण मागतच नाही. आपल्या फंडवाल्या पोरासारखेच. आणि जे मागतात त्यांतले पुष्कळ जण विवरणपत्र भरायला दुकानदाराकडं जातात. तो आपली फी त्याच पैशातून काढून घेतो. एक काळ असा होता की परताव्याच्या भरवशावर आगाऊ कर्ज देऊन जबर व्याज लावायचे. आपल्याकडं पगाराच्या दिवशी गेटवर सावकार उभा राहायचा, ते आठवलं आम्हाला.

तिसरी गोष्ट नीट ऐका, ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. क्रेडिट घेणाऱ्यांची तपासणी होते. २०२३ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला की काळ्या करदात्यांची तपासणी इतरांच्या सुमारे तीन ते पावणेपाच पट होते. आणि त्याचं मुख्य कारण हेच क्रेडिट. त्या अर्जात वंश विचारलेला नसतो. यंत्र नावं काढतं. तरी नेमके कोण निघतात? करखात्याच्या प्रमुखानंही त्याच वर्षी ही तफावत कबूल केली. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, दोन्ही समाजांच्या स्थितीत साम्य आहे म्हणून. अर्जात जातीचा रकाना नसला म्हणजे जात गेली असं होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणखी एक आकडा देतो. २०२१ मध्ये करोनाच्या संकटात तिथल्या सरकारनं मुलांसाठीची करजमा वाढवली, निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा घरी पोचवली, आणि ज्या घराची कमाई नाही त्यालाही पूर्ण दिली. मुलांमधली गरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरली. मग योजना बंद केली. पुढच्या वर्षी ती १२.४ टक्के. पोरं तीच, आई-बाप तेच.

आता युनियनवाल्या माणसाच्या डोक्यात जी शंका सगळ्यात आधी येते ती. सरकार जर मजुराच्या पगारात भर घालू लागलं, तर मालक पगार कशाला वाढवील? शंका बरोबर आहे. तिला सव्वादोनशे वर्षांचा पुरावा आहे. इंग्लंडात १७९५ साली भाकरी महागली, तेव्हा बर्कशायरमधल्या न्यायाधीशांनी स्पीनहॅमलँड नावाच्या गावी बैठक घेऊन ठरवलं की पावाचा भाव आणि घरातली तोंडं बघून मजुराच्या मजुरीत गावच्या गरीब-निधीतून भर घालायची. हेतू चांगला. पण मोठे शेतकरी हुशार. ते म्हणाले, भर पडणारच आहे तर आपण कमी देऊ. मजुरी खालीच राहिली, निधीचा बोजा वाढला, आणि दोष कुणाला लावला? मजुरांना! १८३४ चा कायदा आला आणि मदत मागणाऱ्याला वर्कहाउसात डांबायला लागले.

इंग्लंडनंच पुढं १९९९ मध्ये ही गोष्ट थोडी शहाणपणानं केली. एप्रिलमध्ये आधी किमान वेतन लागू केलं, तासाला ३ पौंड ६० पेन्स, आणि ऑक्टोबरात काम करणाऱ्या कुटुंबांसाठी टॅक्स क्रेडिट सुरू केलं. खाली फळी ठोकली, मग वर ओतलं. ते क्रेडिटही पुढं बदलत गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या योजनेत मुरून संपलं. अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन २००९ ला तासाला सव्वासात डॉलर केलं, त्यानंतर २०२५ संपलं तरी हललं नाही. काही राज्यांनी आपापलं वाढवलं, पेनसिल्व्हेनियानं २०२५ पर्यंत तेही नाही. मग त्या हॉटेलवाल्या बाईला मिळालेल्या ६,८०० मधले किती तिचे आणि किती हॉटेलमालकाचे, हा हिशेब आम्हाला अजून सुटलेला नाही.

आपल्याकडं ही फळी कुणी ठोकली? बाबासाहेबांनी. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखातं त्यांच्याकडं असताना १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक त्यांनी मांडलं, त्याचा १९४८ ला कायदा झाला. फळी आहे, पण कंत्राटदाराकडं काम करणाऱ्या बायांना विचारा, पाय टेकतो का.

आणि आपल्या सरकारच्या वहीत कष्टकऱ्याची जमा किती? २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्नावर कर लागणार नाही, असं केलं. हे करातली ६०,००० पर्यंतची सूट देऊन केलं. पेपरात मोठे मथळे. आमच्या खात्यात कुणीतरी पेढेही आणले. आम्ही विचारलं, तुझा पगार किती? म्हणाला तेरा हजार. अरे, मग तुझा काय फायदा? ही सूट फक्त करातून वजा होते. ज्याला करच नाही त्याला काहीही नाही, उरलेली रोख हातात द्यायची सोय तिच्यात नाही. अमेरिकेच्या आणि आपल्या सूटीत हाच फरक आहे. १२ लाखवाल्याला ६०,००० ची जमा, आणि दीड लाखवाल्याला फक्त पेढा.

थोडं जवळ जाणारी एक योजना आहे, तरुणांनी लक्ष द्या. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात जो पहिल्यांदाच फंड लागणाऱ्या नोकरीवर लागेल, त्याला एका महिन्याच्या पगाराइतकी, पण जास्तीत जास्त १५,००० रुपये रक्कम केंद्र सरकार दोन हप्त्यांत देणार आहे. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. मालकालाही जादा भरती केलेल्या माणसामागं महिना ३,००० पर्यंत मिळतात, निदान दोन वर्षं. कामगाराला एकदाच आणि मालकाला दरमहा. स्पीनहॅमलँडचे शेतकरी आठवतात की नाही? पण मिळतंय ते सोडू नका. हजेरी बुकात नाव आहे, फंडाचा यूएएन नंबर निघाला आहे, याची पहिल्या महिन्यातच खात्री करा. "नंतर बघू" म्हणणाऱ्या मुकादमाचं ऐकू नका.

भन्ते बसलेले आहेत, म्हणून विहारात हा विषय का, याचं उत्तर त्यांच्या समोरच देतो. चुकलो तर त्यांनी दुरुस्त करावं. दीघ निकायात कूटदंत सुत्त आहे. महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. राज्यात चोऱ्या-दरोडे चाललेले. पुरोहित त्याला म्हणतो, अशा वेळी तू नवा कर बसवलास तर ते अयोग्य होईल. आणि चोरांना मारून, बांधून, हाकलूनही चोरी थांबणार नाही. शेती करतात त्यांना बी-बियाणं दे, व्यापार करतात त्यांना भांडवल दे, राजाची चाकरी करतात त्यांना अन्न आणि वेतन दे. राजानं तसं केलं, आणि लोक घराची दारं उघडी टाकून राहू लागले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. भगवंतांनी यात कुठं म्हटलंय की आधी गरिबाची तपासणी करा, तो लायक आहे का बघा? सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्यं सांगितली आहेत. ताकदीप्रमाणे काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. दर पौर्णिमेला आपण सुत्तपठण ऐकतो. अर्थ लागला तर आपली पगाराची पावतीच वाचून दाखवतात, असं वाटेल.

आता शेवटचं, आणि हे कामाचं आहे. अमेरिकेतल्या वाचनालयात टेबल लागतं, तर आमच्या विहारात का लागू नये? समितीनं मागच्या खोलीची परवानगी दिली, त्याबद्दल आभार. गेल्या तीन महिन्यांत आम्ही नमुन्यादाखल थोड्या पावत्या तपासल्या. दोन भगिनींची पी.टी. कापलेली निघाली. त्यांचा पगार १४,००० सुद्धा नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून स्त्रियांना महिना २५,००० पर्यंत पी.टी. नाही, तरी कंत्राटदाराचा कारकून जुन्याच हातानं दोनशे कापत होता. पावती दाखवल्यावर पुढची कपात बंद झाली. मागचे पैसे अजून भांडतोय. एका बांधवाचा पाय अधू, ४० टक्क्यांचा दाखला ट्रंकेत घडी करून ठेवलेला. त्यांनाही पी.टी.ची सूट आहे, पण दाखला ट्रंकेत आणि कपात पावतीवर. असे तीन निघाले ते मोजक्या पावत्यांत. वस्तीत पावत्या किती असतील?

तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वंदना झाल्यावर, दोन तास. येताना पगाराच्या शेवटच्या तीन पावत्या, बँकेचं पासबुक, पॅन आणि फंडाचा नंबर आणा. पावती देत नसतील तर तेही येऊन सांगा, तोच पहिला अर्ज होईल. ज्यांना चष्मा आहे त्यांनी चष्मा आणा, अक्षरं फार बारीक असतात. पैसे कुणीही मागणार नाही. मागितले तर अध्यक्षांना सांगा. पासवर्ड आणि ओटीपी आम्हालासुद्धा सांगायचा नाही, आपल्या बोटानं आपणच टाकायचा. वस्तीतल्या दोन कॉलेजच्या मुली संगणकावर बसतील. अर्ज लिहून द्यायला मात्र तो फंडवाला पोरगाच बसणार आहे. त्याचे ८,६०० अजून आलेले नाहीत, पण घोषणापत्राचा कागद आता त्याला तोंडपाठ आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!